वेल्स म्हणजे इंग्लंड नव्हे: कार्डिफ-स्वान्सीकडे राहायला जाणाऱ्यांसाठी

शिक्षणासाठी, परिचारिकेच्या नोकरीसाठी किंवा कुटुंबासह वेल्सला निघालेला मराठी माणूस तयारी करताना बहुधा ‘यूके’ या एकाच शब्दावर माहिती शोधतो, आणि त्याच्या हाती लागते ती जवळजवळ सगळी इंग्लंडची, त्यातही लंडनची, माहिती. ती वाचून केलेले अंदाजपत्रक कार्डिफला पोहोचल्यावर चुकते, कारण भाडेकरूचे हक्क, औषधांचा खर्च, घरखरेदीवरचा कर, इतकेच काय वस्तीतील रस्त्यांवरची वेगमर्यादासुद्धा तेथे निराळी आहे. हे निराळेपण आपोआप आलेले नाही. वेल्सच्या लोकांनी आपली भाषा आणि ओळख नेटाने टिकवली, त्या जोरावर स्वतःचे कायदेमंडळ मिळवले, आणि त्या कायदेमंडळाने केलेले नियम आज तेथील भाडेकरूच्या आणि रुग्णाच्या खिशाशी येऊन भिडतात. म्हणून या मार्गदर्शिकेत राष्ट्रीय ओळख आणि राहणीचा खर्च हे विषय वेगळे पाडलेले नाहीत.

आधी देश ओळखावा

वेल्स हा युनायटेड किंग्डमच्या चार घटक देशांपैकी एक आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे 20,800 चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यापेक्षा काहीसे अधिक, आणि 2021 च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे 31 लाख, म्हणजे 2011 च्या जनगणनेत एकट्या पुणे शहराची होती जवळपास तितकीच. कार्डिफला राजधानीचा दर्जा मिळाला तो 1955 मध्ये. त्यानंतरची मोठी शहरे स्वान्सी आणि न्यूपोर्ट ही दोन्ही दक्षिण किनाऱ्यावर आहेत. लोकवस्तीचा मोठा भाग या दक्षिण पट्ट्यात आणि त्याच्या मागे असलेल्या, एकेकाळी कोळशावर जगणाऱ्या खोऱ्यांत आहे. मधला डोंगराळ भाग विरळ वस्तीचा असून तेथे माणसांपेक्षा मेंढ्या अधिक असल्याचा विनोद वेल्सची माणसे स्वतःच करतात. तो पाहुण्याने करू नये.

‘वेल्स’ हे नाव परक्यांनी दिलेले आहे. जुन्या इंग्रजीतील ज्या शब्दापासून ते आले त्याचा अर्थच ‘परका’ असा होता. तेथील लोक आपल्या देशाला ‘कम्री’ म्हणतात आणि त्या नावाच्या मुळाशी ‘एका भूमीतले सोबती’ असा अर्थ आहे. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने 1282-83 मध्ये हा देश जिंकला. 1400 मध्ये ओवेन ग्लिंडूर याने मोठे बंड उभारले, ते अखेर मोडले गेले. आणि 1536 व 1542 च्या सुमारास झालेल्या कायद्यांनी वेल्स इंग्लंडच्या कायदेव्यवस्थेत विलीन झाले व न्यायालयांची भाषा इंग्रजी ठरली. ब्रिटिश झेंड्यात वेल्सची खूण सापडत नाही, त्याचे कारण या विलीनीकरणात आहे. पांढऱ्या-हिरव्या पार्श्वभूमीवरचा लाल ड्रॅगन हा वेल्सचा झेंडा 1959 मध्ये अधिकृत झाला.

नवागताने पाळायचा पहिला नियम यातूनच निघतो. वेल्सच्या माणसाला ‘इंग्लिश’ म्हणू नये आणि वेल्सला ‘इंग्लंडचा भाग’ म्हणू नये. ‘ब्रिटिश’ हा शब्द कायद्याच्या दृष्टीने बरोबर आहे, कारण पासपोर्ट ब्रिटिशच असतो. पण 2021 च्या जनगणनेत 55 टक्क्यांहून अधिक रहिवाशांनी आपली राष्ट्रीय ओळख केवळ ‘वेल्श’ अशी नोंदवली. मराठीत आपण ‘इंग्लंडला गेला’ हे वाक्य साऱ्या ब्रिटनसाठी सहज वापरतो. ती सवय विमानतळावरच सोडलेली बरी.

या भावनेची धार समजण्यासाठी एक प्रसंग पुरेसा आहे. लिव्हरपूल शहराला पाणी हवे म्हणून उत्तर वेल्समधील ट्रवेरिन नदीच्या खोऱ्यात धरण बांधण्यात आले. वेल्सच्या बहुसंख्य खासदारांचा विरोध डावलून 1957 मध्ये संसदेने तसा कायदा केला आणि 1965 मध्ये कापेल केलिन हे वेल्श बोलणारे गाव शाळा-प्रार्थनागृहासह पाण्याखाली गेले. ‘ट्रवेरिनची आठवण ठेवा’ ही घोषणा पश्चिम किनाऱ्याजवळच्या एका पडक्या भिंतीवर रंगवलेली आहे, आणि तिच्या प्रतिकृती देशभर दिसतात. मुळशी सत्याग्रहाची हकीकत ठाऊक असलेल्या वाचकाला ही भिंत वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

भारतीय माणसाला आणखी एक विषय माहीत असावा. पोर्ट टॅलबॉट येथील पोलाद कारखाना 2007 पासून टाटांच्या मालकीचा आहे आणि तेथील शेवटची झोतभट्टी 30 सप्टेंबर 2024 रोजी बंद झाली. तिच्या जागी विजेवर चालणारी भट्टी येत आहे, परंतु त्या बदलात हजारो नोकऱ्या गेल्या. त्या परिसरात टाटांचे नाव निघाले तर आपला राष्ट्राभिमान बाजूला ठेवून समोरच्याचे ऐकून घ्यावे, कारण समोर बसलेल्या माणसाचे वडील, भाऊ किंवा तो स्वतः त्या भट्टीवर असण्याची शक्यता बरीच असते.

भाषा: पाट्यांपासून सुरुवात

वेल्श भाषेला 2011 च्या कायद्याने वेल्समध्ये अधिकृत दर्जा आहे. 2021 च्या जनगणनेत सुमारे 5 लाख 38 हजार लोकांनी, म्हणजे 17.8 टक्क्यांनी, ती बोलता येत असल्याचे सांगितले. ही सरासरी मात्र फसवी आहे, कारण वायव्येकडील ग्विनेथ जिल्ह्यात हे प्रमाण 64 टक्क्यांच्या पुढे आहे, तर कार्डिफमध्ये 12 टक्क्यांच्या आसपास. बँगर किंवा अ‍ॅबरिस्टविथ येथे शिकायला जाणाऱ्याच्या कानावर दुकानात, बसमध्ये वेल्श पडेल. कार्डिफला जाणाऱ्याला ती मुख्यतः पाट्यांवर भेटेल. इंग्रजीवाचून कोठेही अडत नाही हे खरे, तरीही ‘बोरे दा’ म्हणजे शुभ सकाळ आणि ‘दिओल्ख’ म्हणजे आभार, एवढे दोन शब्द ओठांवर असले तरी बोलण्यात मोकळेपणा येतो.

लिपी रोमन असली तरी उच्चार इंग्रजीसारखे करू नयेत. एकटा एफ म्हणजे ‘व’ आणि दोन एफ म्हणजे ‘फ’. डब्ल्यू हा बहुतेक ठिकाणी ‘उ’ हा स्वर असतो. त्यामुळे रस्त्यावर ‘हळू’ या अर्थाने रंगवलेला शब्द ‘अराफ’ वाटला तरी तो ‘अराव’ असा वाचायचा. खरी परीक्षा आहे ती दोन एल एकत्र आल्यावर. आपल्याकडे ‘ळ’ आहे म्हणून हा उच्चार जमेल असा समज करून घेऊ नये, कारण तो ‘ळ’ नव्हे. जीभ ‘ल’साठी लावून ठेवायची, आवाज बंद ठेवायचा आणि जिभेच्या कडेने हवा सोडायची, म्हणजे तो ध्वनी निघतो. लानेल्ली, लानदिद्नो ही गावांची नावे देवनागरीत अशी लिहावी लागतात ती केवळ नाइलाजाने.

मराठी माणसाला एक गोष्ट मात्र सोपी जाते. मराठीत विभक्ती लागताना शब्दाचा शेवट बदलतो, घोड्याला आणि पाण्यात असे आपण न विचारता म्हणतो. वेल्शमध्ये शब्दाची सुरुवात बदलते. ‘कम्री’ला येणाऱ्यांचे स्वागत करणाऱ्या पाटीवर ते नाव ‘गम्री’ होते आणि वर सांगितलेल्या भिंतीवरच्या घोषणेत ‘ट्रवेरिन’चे ‘ड्रवेरिन’ झालेले आहे. हे ठाऊक नसल्यास नकाशावरचे गाव आणि पाटीवरचे गाव वेगवेगळे वाटते. पारंपरिक वेल्श मोजणीही विसांची आहे, म्हणजे साठ हे तीन विसा आणि ऐंशी हे चार विसा. शाळांमध्ये आता दशमान पद्धतीची सुटसुटीत अंकनामे शिकवतात. बालभारतीने 2019 मध्ये ‘वीस आणि एक’ असे लिहिल्यावर महाराष्ट्रात जो गदारोळ झाला, तो आठवून येथे थोडे हसू येते.

मुले बरोबर असतील तर हे ध्यानात ठेवावे की वेल्समधील सरकारी शाळांत वेल्श हा विषय 16 वर्षांपर्यंत सक्तीचा आहे आणि पूर्ण वेल्श माध्यमाच्या शाळाही आहेत. घरी मराठी, शाळेत वेल्श आणि बाहेर इंग्रजी हा भार मुलांना झेपेल का, अशी शंका पालकांना येते. महाराष्ट्रात तीन भाषा शिकत वाढलेल्या पालकांनी ती फार मनावर घेऊ नये, असे मला वाटते. सरकारी प्राथमिक शाळांत सर्व मुलांना दुपारचे जेवण विनामूल्य मिळते. शाकाहारी मुलाची नोंद शाळेत आधी करावी.

कोणते नियम कार्डिफचे आणि कोणते लंडनचे

1997 च्या सार्वमतात 50.3 टक्के इतक्या निसटत्या बहुमताने वेल्सने स्वतःचे प्रतिनिधिगृह मागून घेतले, ते 1999 मध्ये सुरू झाले आणि 2020 पासून त्याचे नाव ‘सेनेध’ झाले. आरोग्य, शिक्षण, घरे, वाहतूक आणि स्थानिक स्वराज्य संस्था हे विषय या सभागृहाकडे आहेत. व्हिसा, पोलीस, न्यायालये, किमान वेतन आणि बहुतेक सामाजिक भत्ते लंडनच्या संसदेकडे आहेत. एखादी माहिती वाचताना ती कोणत्या गटातली आहे हे प्रथम ठरवावे: व्हिसाविषयी असेल तर ती सगळीकडे सारखीच लागू होते, घरभाड्याविषयी असेल आणि वेल्सचा उल्लेख नसेल तर ती बाजूला ठेवावी.

येथेच एक हक्क सांगून ठेवतो, जो अनेक भारतीयांना ठाऊक नसतो. भारत राष्ट्रकुलाचा सदस्य असल्यामुळे वैध व्हिसावर राहणारा भारतीय नागरिक, विद्यार्थीसुद्धा, मतदार यादीत नाव नोंदवू शकतो आणि मतदान करू शकतो. सेनेध आणि स्थानिक कौन्सिल, म्हणजे तेथील स्थानिक स्वराज्य संस्था, यांच्यासाठी वयाची अट 16 वर्षांची आहे. यादीत नाव असण्याचा व्यवहारी फायदा असा की पुढे मोबाइलचा करार किंवा कर्ज घेताना पतपडताळणीत तुमचा पत्ता सहज जुळतो.

घर

खर्चाचा सर्वांत मोठा भाग घराचा असतो, म्हणून येथे घाई करू नये. 2025 च्या उत्तरार्धात वेल्समधील खासगी घरांचे सरासरी भाडे महिन्याला 800 पौंडांच्या आसपास होते, त्या वेळी लंडनचे 2,200 पौंडांच्या पुढे होते. कार्डिफ मात्र वेल्समधील महाग शहर असून तेथे संपूर्ण घर हजार पौंडांच्या आत मिळणे कठीण झाले आहे. विद्यार्थी बहुधा कथेज किंवा रोथ भागातील सामायिक घरात एक खोली घेतात. तिला साधारण 500 ते 650 पौंड मोजावे लागतात. कुटुंबासाठी पॉन्टिप्रिथसारख्या खोऱ्यातील गावाचा विचार जरूर करावा, कारण भाडे कमी पडते आणि रेल्वेने अर्ध्या तासाच्या आसपास कार्डिफ गाठता येते.

भाडेकराराचा कायदा वेल्सचा स्वतःचा असून तो 1 डिसेंबर 2022 पासून लागू आहे. त्याच्या भाषेत भाडेकरू हा ‘करारधारक’ असतो आणि घरमालकाने राहायला आल्यापासून 14 दिवसांच्या आत कराराची लेखी प्रत द्यावीच लागते. भाडेकरूची चूक नसताना घर सोडायला सांगायचे असेल तर मालकाला सहा महिन्यांची नोटीस द्यावी लागते, आणि ती नोटीस पहिल्या सहा महिन्यांत देता येत नाही. म्हणजे भाडे वेळेवर भरणाऱ्याला वर्षभर तरी बिऱ्हाड हलवण्याची चिंता नाही. मालकाची नोंदणी ‘रेंट स्मार्ट वेल्स’ या सरकारी यंत्रणेत झालेली असणे बंधनकारक आहे. पैसे पाठवण्यापूर्वी तेथील सार्वजनिक नोंदवहीत घराचा पत्ता तपासावा. भारतात बसून, केवळ छायाचित्रे पाहून अनामत पाठवणारे विद्यार्थी दरवर्षी फसतात, आणि ही पाच मिनिटांची तपासणी त्यांतील बऱ्याच जणांना वाचवू शकली असती.

सप्टेंबर 2019 पासून एजंटला करार करण्याचे, कागदपत्रे तपासण्याचे किंवा घरातील सामानाची यादी करण्याचे वेगळे शुल्क घेता येत नाही. घर राखून ठेवण्यासाठी घ्यावयाची रक्कम एका आठवड्याच्या भाड्यापेक्षा अधिक असू शकत नाही, आणि अनामत रक्कम 30 दिवसांच्या आत मान्यताप्राप्त संरक्षण योजनेत ठेवावी लागते. त्या योजनेचे नाव मालकाकडून लेखी घ्यावे. इंग्लंडमध्ये भाडेकरूचा व्हिसा तपासणे मालकाला कायद्याने भाग आहे, तसा नियम वेल्समध्ये लागू नाही. तरीही परदेशी विद्यार्थ्याकडे ब्रिटनमधील जामीनदार किंवा काही महिन्यांचे आगाऊ भाडे मागितले जाते, तेवढी रक्कम हाताशी ठेवावी.

भाड्याखेरीज कौन्सिल टॅक्स हा आपल्या घरपट्टीसारखा कर आहे, पण तो मालक भरत नाही, घरात राहणारा भरतो. घराच्या मूल्यावरून त्याची श्रेणी ठरते; 2024-25 मध्ये ‘डी’ श्रेणीच्या घरासाठी त्याची वेल्समधील सरासरी वर्षाला 2,000 पौंडांच्या थोडी पुढे होती. घरातील सर्व जण पूर्णवेळ विद्यार्थी असतील तर तो पूर्ण माफ होतो, आणि घरात एकच प्रौढ राहत असेल तर 25 टक्के सवलत मिळते. माफीसाठी विद्यापीठाचे प्रमाणपत्र कौन्सिलला कळवावे लागते, नाहीतर बिल येतच राहते. घराचा ताबा घेतल्याच दिवशी वीज आणि गॅसच्या मीटरचे छायाचित्र काढून ठेवावे. जुन्या दगडी घरांत ओल फार येते. भिंतीच्या कोपऱ्यात काळी बुरशी दिसत असेल तर ते घर स्वस्त असूनही घेऊ नये, कारण हिवाळ्यात ते तापवण्यात भाड्यातील बचत संपून जाते.

दवाखाना, पगार आणि कर

ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेचा जनक अन्यूरिन बेव्हन हा ट्रेडेगर या वेल्समधील खाणगावचा. 1948 मध्ये त्याने उभी केलेली ती सेवा वेल्समध्ये घरच्या गोष्टीसारखी जपली जाते. डॉक्टरने चिठ्ठीवर लिहिलेली औषधे वेल्समध्ये 1 एप्रिल 2007 पासून सर्वांना विनामूल्य मिळतात. इंग्लंडमध्ये प्रत्येक औषधामागे 9.90 पौंड पडतात. मधुमेह किंवा रक्तदाबाची रोजची गोळी घेणाऱ्याने भारतातून वर्षभराचा साठा वाहून नेण्याची गरज नाही. पहिल्या दोन-तीन महिन्यांपुरती औषधे, त्यांची इंग्रजी चिठ्ठी आणि पोहोचताच जवळच्या जीपीकडे, म्हणजे वस्तीतल्या सामान्य डॉक्टरकडे, नोंदणी एवढे पुरते. व्हिसासोबत आरोग्य अधिभार मात्र भरावा लागतो, जो विद्यार्थ्यांना वर्षाला 776 पौंड आणि बहुतेक इतरांना 1,035 पौंड आहे. आरोग्य व सेवा क्षेत्राच्या व्हिसावर जाणाऱ्यांना तो माफ आहे. दंतवैद्याचे काम तेवढे भारतातूनच करून जावे. सरकारी सेवेतील दंतवैद्याची जागा मिळणे दुरापास्त आहे आणि खासगी खर्च मोठा आहे.

विद्यार्थी व्हिसासाठी लंडनबाहेर राहणाऱ्याला, 11 नोव्हेंबर 2025 पासूनच्या दराने, महिन्याला 1,171 पौंड याप्रमाणे नऊ महिन्यांचे 10,539 पौंड खात्यात दाखवावे लागतात. काटकसरीने राहणाऱ्याला वेल्समध्ये ही रक्कम पुरते असा माझा अंदाज आहे: खोली 550, घरी रांधल्यास किराणा दीड-दोनशे, वीज-गॅस-इंटरनेटचा वाटा साठ-सत्तर, आणि उरलेल्यात बस, फोन व कपडे. एप्रिल 2026 पासून 21 वर्षे व त्यावरील व्यक्तीचे किमान वेतन ताशी 12.71 पौंड आहे. सत्र चालू असताना आठवड्याला कमाल 20 तास काम करण्याची मुभा असते, परंतु छोट्या गावांत तितके काम दर आठवड्याला मिळेलच असे नाही. या कमाईवर शुल्काचे गणित मांडू नये.

पगारपत्रकावर कराचा कोड इंग्रजी ‘सी’ अक्षराने सुरू झालेला दिसला तर घाबरू नये. ते अक्षर ‘कम्री’चे आहे. 2019 पासून आयकराचा एक हिस्सा ठरवण्याचा अधिकार वेल्सकडे आला, तरी दर आजवर इंग्लंडइतकेच ठेवले गेले आहेत. घर विकत घेताना मात्र फरक पडतो. तेथे जमीन व्यवहार कर हा वेगळा कर असून राहण्याच्या एकमेव घरावर 2,25,000 पौंडांपर्यंत तो लागत नाही, आणि पहिले घर घेणाऱ्यांसाठी इंग्लंडसारखी वेगळी सवलत नाही.

प्रवास, पाऊस आणि मॅचचा शनिवार

वेल्समधील बहुतेक वस्त्यांतील रस्त्यांवर सप्टेंबर 2023 पासून ताशी 20 मैल, म्हणजे सुमारे 32 किलोमीटर, ही वेगमर्यादा आहे. तिच्यावरून तेथे अजून वाद होतात, आणि दंडही होतो. दक्षिणेकडून उत्तरेकडे जायचे तर नकाशावरील अंतरावर विश्वास ठेवू नये. कार्डिफहून बँगरला रेल्वेने चार तासांहून अधिक वेळ लागतो आणि गाडी मध्येच इंग्लंडच्या हद्दीतून जाते. पाऊस आपल्यासारखा चार महिन्यांत कोसळून मोकळा होत नाही, बाराही महिने झिरपत राहतो, त्यामुळे छत्रीपेक्षा टोपीचे जलरोधक जाकीट घेण्यात पैसे घालावेत; वाऱ्यात छत्री टिकत नाही.

फेब्रुवारी-मार्चमध्ये रग्बीची सहा राष्ट्रांची स्पर्धा असते आणि कार्डिफच्या मध्यवर्ती स्टेडियमवर सामना असलेल्या दिवशी रस्ते बंद होतात, गाड्या भरून वाहतात आणि हॉटेलांचे दर कितीतरी पट होतात. घर पाहायला किंवा सामान हलवायला तो शनिवार टाळावा. नुसते शहर अनुभवायचे असेल तर मात्र तोच निवडावा. 1 मार्चच्या सेंट डेव्हिड दिनाला कोटावर पिवळे डॅफोडिलचे फूल किंवा लीक ही कांद्याच्या जातीची भाजी लावतात, पण त्या दिवशी सार्वजनिक सुट्टी नसते. शाकाहारी माणसाने उपाहारगृहात ‘ग्लॅमॉर्गन सॉसेज’ हे नाव पाहून पुढे जाऊ नये, कारण ते चीज, लीक आणि पावाच्या चुऱ्याचे असते. अंडे चालत नसल्यास तेवढे विचारून घ्यावे.

रग्बी समजेपर्यंत उन्हाळ्यात क्रिकेटचा आधार आहे. कार्डिफच्या सोफिया गार्डन्सवर ग्लॅमॉर्गन हा कौंटी संघ खेळतो आणि त्याच संघाकडून 1987 पासून काही हंगाम मुंबईचे रवी शास्त्री खेळले आहेत. एका षटकात सहा षटकार मारण्याचा गॅरी सोबर्स यांचा पराक्रम 1968 मध्ये स्वान्सीच्या मैदानावर याच ग्लॅमॉर्गनविरुद्ध घडला होता, आणि त्याची बरोबरी शास्त्रींनी जानेवारी 1985 मध्ये वानखेडेवर केली. शेजारच्या वयस्कर गृहस्थांशी बोलणे सुरू करायला हवामानानंतर हा विषय चांगला आहे.